बुडबुडे काही जमेनात

बेळगावजवळच्या येळ्ळूरचा युवराज शेजारच्या मच्छे गावातल्या कारखान्यात तयार माल तपासतो. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत, म्हणून तिथं सगळे त्याला टरकून असतात. असल्या माणसाला घरातलं एक नळकांडं महिनाभर जुमानेना, आता याला काय म्हणावं!

त्याच्या पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी आहे. तिच्यात चार मासे आणि एक जिवंत पोवळं. कोल्हापुरातनं आणलं तेव्हा ते करंगळीच्या पेराएवढं होतं. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन गडी एस्टीत बसला होता, डब्याला कुणाचा धक्काही लागू दिला नाही त्यानं. तीन वर्षांत पोवळ्याला फांद्या फुटून ओंजळभर झाड झालं, टोकं जांभळी. घरी पाहुणा आला की आधी पोवळं, मग चहा.

पण वाढत्या पोरानं घरातलं दूध संपवावं तसं ते पाण्यातला चुना संपवायला लागलं. वरनं घातलेला पुरेना, म्हणून त्यानं कॅल्शियम रिअॅक्टर बसवला. नळकांड्यात पोवळ्याचे जुने खडे, शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. गॅसचे बुडबुडे आत सोडले की पाणी आंबट होतं, खडे विरघळतात आणि चुन्याचं पाणी थेंब थेंब टाकीत पडतं. बुडबुडे किती आणि थेंब किती, एवढंच काय ते जमवायचं. एवढंच!

पाणी तपासलं तर चुना कमी. युवराजनं बुडबुडे वाढवले. चार दिवस थांबला, पुन्हा कमी. सकाळी उठून बघावं तर बुडबुडे झकास चाललेले, संध्याकाळी कामावरून येऊन बघावं तरी झकास. मग चुना जातोय कुठं, ह्याच्या बैलाला? त्यानं नळ्या बदलल्या. पाणी तपासायचं औषध नवीन आणलं. साबणाचा फेस लावून गळती शोधली, ती सापडेना. पोवळ्याची टोकं मात्र फिकी पडत चालली.

शेवटी कोल्हापूरच्या दुकानदाराला, साईराजला, फोन लावला.

"साईराज, सिलिंडरचा रेग्युलेटर खोटा दिलाईस मला."

"दादा, जरा दमानं घ्या. एकदा नॉब फिरवला की हात बांधून बसायचं बघा."

"हात बांधून बसतो आन् पोवळं मरू दे, व्हय?" असं म्हणून यानं फोन आपटला. बायको रचना म्हणाली, "जेवताना तरी त्या टाकीकडं पाठ करून बसा." तर तिच्यावर डाफरला. ताटावरनं उठून गेला, नुसता संताप संताप.

मग त्यानं साईराजचं न ऐकता बुडबुडे पार दुप्पट केले. आणि काय आश्चर्य, आठवड्यानं तपासलं तर चुना बरोबर! दुसऱ्या तपासणीलाही बरोबर. टोकांवर जांभळा रंग परत आला. युवराजनं रचनाला हाक मारून दाखवला आणि बेळगावातनं कुंदा आणला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई, यशोदाबाई, खानापूरकडं माहेरच्या जत्रेला गेली.

पाचव्या दिवशी तो कामावरून आला तर पोवळ्याची कातडी लोंबत होती. भिजलेला कागद सुटावा तशी ती फांद्यांवरून सुटत होती, आणि आत पांढरं हाड. पाणी तपासलं तर चुना पोवळ्याला सोसणार नाही इतका वाढलेला. त्यानं कुठल्याच नॉबला हात लावला नव्हता. आता कुणाला शिव्या द्यायच्या तेच त्याला कळेना. डोक्याला हात लावून बसला होता, तेवढ्यात आईचा फोन आला.

"युवराज, रचना निजताना सिलिंडर बंद करती न्हवं रं?"

"करती की."

"दोन्ही?"

"दोन्ही कुठलं?"

"आरं, तुझ्या माशांचा न्हाय का! मी रोज निजताना दोन्ही बंद करती, आन् पहाटं च्या ठेवताना दोन्ही चालू करती. गॅस चालू ठिवून झोपतंय व्हय कोण?"

युवराजच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज रात्रभर गॅस बंद, म्हणून चुना कमी. ती तूट त्यानं दिवसाचे बुडबुडे दुप्पट करून भरून काढलेली. आई जत्रेला गेली आणि तेच दुप्पट बुडबुडे रात्रीही चालू राहिले.

"आये, काय केलंस हे! तो चुलीचा गॅस न्हवं! त्याला आग लागत न्हाय! लई वाटोळं केलंस बघ!" तो ओरडतच सुटला. बुडबुडे, चुना, कातडी, सगळं सांगून टाकलं. जत्रेतले ढोल फोनमधून ऐकू येत होते.

आईनं विचारलं, "मग आता ते गेलं व्हय रं?"

"गेलं."

"माझ्यामुळं?"

साधं 'न्हाय' म्हणायचं होतं. महिनाभर याला त्याला शिव्या घालणाऱ्या युवराजच्या तोंडातनं तेवढं काही निघेना. तिकडं आई नुसती "हॅलो, हॅलो" करत राहिली.