खालच्या खणातली बाटली

पॉलिशवाल्याच्या बायकोचं नाक फार तिखट. संध्याकाळी तो दारात आला, की चपला काढायच्या आत ती त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. कपड्यांना स्पिरिटचा वास यायचाच, कारण लाकडाला चकाकी आणणारी चपडा लाख स्पिरिटातच विरघळवतात. पण कपड्यांचा वास वेगळा आणि तोंडाचा वेगळा, हे ती बारा वर्षांच्या संसारात शिकली होती.

शिकणारच. या बहाद्दराने दारू मिळेना तेव्हा एकदा तेच स्पिरिट तोंडाला लावलं होतं. दोन दिवस डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा, माणूस यात कायमचा आंधळा होतो, नाहीतर जातो. तिथेच दवाखान्याच्या बाकावर बायकोने वचन घेतलं, की स्पिरिटची बाटली पुन्हा घराचा उंबरा ओलांडणार नाही.

त्याच बाकावर त्याला चेकरकाका भेटले. बसमध्ये तिकिटं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि दारू सोडून त्यांना अकरा वर्षं झाली होती. दवाखान्यात अशी गिऱ्हाइकं हुडकत ते नेमाने फिरायचे. "आमची दारू सोडलेल्यांची मीटिंग असते, रविवारी पाचला ये," ते म्हणाले. "बोलावंसं वाटलं तर बोल. नाहीतर नुसता बस."

पॉलिशवाला गेला, पण मनात म्हणत होता, आंधळ्याने आंधळ्याचा हात धरायचा, यातून कोण कुठे पोचणार? वरच्या मजल्यावरची ती एक खोली, बावीस लाकडी खुर्च्या, एक कपाट. दाराशी चेकरकाका उभे. येणारा प्रत्येक जण त्यांच्यापुढे थांबायचा. काका क्षणभर त्याच्या डोळ्यांत बघायचे आणि न पिता किती दिवस झाले तो आकडा सांगायचे. सगळ्यांचे आकडे त्यांना तोंडपाठ. पन्नास माणसांतून बिनतिकिटवाला हुडकणारी ती नजर, तिच्यापुढे पिऊन उभं राहायची कोणाची छाती नव्हती. पॉलिशवाला आठवडाभर त्या आकड्यासाठी जगायला लागला. अठ्ठावीस. एकोणपन्नास. सत्तर.

नव्वदावा दिवस शनिवारी आला. या माणसांचं काहीतरी देणं लागतो, असं त्याच्या मनाने घेतलं. सकाळी त्याने काकांकडून खोलीची किल्ली घेतली आणि एकट्याने बावीसच्या बावीस खुर्च्या घासून पॉलिश केल्या. चार वाजता काम आटोपलं, तेव्हा अर्धी बाटली स्पिरिट उरलं होतं. घरी न्यायचं तर वचन मोडतं, तो कामाला होता ते दुकान शनिवारी बंद. त्याने बाटली कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. दारू सोडलेल्यांच्या खोलीइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी कुठली? स्वतःच्या अकलेवर खूश होत त्याने किल्ली काकांना परत दिली आणि घर गाठलं.

बायकोने वास घेतला आणि मान डोलावली. मग विचारलं, "बाटली कुठे ठेवलीत?"

"मीटिंगच्या खोलीत. तिथे कोण पिणार?"

"अहो, तिथे तर सगळे पिणारेच येतात! किल्ली कोणाकडे असते?"

"काकांकडे."

त्याने लगेच फोन लावला. "काका, खालच्या खणात स्पिरिटची बाटली राहिलीय. तेवढी मोरीत ओतून टाका."

कुठला खण, ते काकांनी दोनदा विचारून घेतलं.

"बाटली होय," काका म्हणाले. "मला माहीतच नव्हतं. बघतो मी. तू निवांत झोप."

फोन ठेवल्यावर त्याला कळलं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना आपणच पत्ता सांगितला.

"जा तुम्ही," बायको म्हणाली.

"अकरा वर्षं न प्यायलेल्या माणसावर संशय घेऊ? काय वाटेल त्यांना?"

"आणि काही झालं तर तुम्हाला काय वाटेल?"

तो गेला नाही. त्याला लाज वाटली, आणि ती लाज नको तिथे वाटली.

रविवारी मात्र धीर धरवेना. चारलाच तो जिना चढला. खोलीचं दार सताड उघडं होतं. खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलं होतं आणि नव्या पॉलिशवर चमकत होतं. पॉलिशचा वास इतका दाटला होता, की कोणाच्या तोंडाचा वास बायकोलाही ओळखता आला नसता. दोन खुर्च्या आडव्या पडल्या होत्या. कपाटाचा खालचा खण उघडा होता आणि रिकामी बाटली भिंतीपाशी घरंगळली होती.

काका दाराशी, आपल्या नेहमीच्या जागी उभे होते, चौकट घट्ट धरून. पॉलिशवाला सवयीने त्यांच्यापुढे थांबला. डोळ्यांत बघतील, आकडा सांगतील, ओतून टाकली म्हणतील, म्हणून तो जीव मुठीत धरून वाट बघत राहिला.

काकांनी त्याच्या चेहऱ्याकडे तोंड वळवलं.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

त्याने त्यांचा हात धरला. "मी आहे, काका. चला, दवाखान्यात जाऊ."

आवाज ओळखून काका चाचपडत त्याच्याबरोबर निघाले. तिसऱ्या पायरीवर ते थांबले.

"आज तुझे एक्क्याण्णव ना रे?"

"पुढे पायरी आहे, काका," पॉलिशवाला म्हणाला.