रावमामा आणि तारेवरची चिठ्ठी

रावमामांना माणसापेक्षा त्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा जास्त बोलका वाटायचा. साचा खिडकीच्या उजेडात धरून, चष्मा कपाळावर सारून ते मला फोनवर सांगायचे, "डाक्टरअम्मा, हे बाई एकाच अंगानं चावतात. उजवीकडं कांही दुखणं आहे. विचारून बघा." मी विचारायचे आणि पेशंट थक्क होऊन माझ्याकडं बघायची. श्रेय अर्थात मी घ्यायचे. सवय अशीच लागते.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमागं चेन्नईला आले आणि मैलापूरच्या एका दवाखान्यात दातांची डॉक्टर म्हणून लागले. आमचे कृत्रिम दात अंबत्तूरच्या एका लॅबमधून यायचे. एका कारखान्याच्या माडीवर ती लॅब होती आणि मामा तिथले सगळ्यांत जुने कारागीर. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, एखादं मोडी दप्तर तमिळ चालीत बोलू लागलंय. मी हसले. तेही हसले आणि म्हणाले, "तुमचं मराठी नवें आहे. आमचं तीनशें वर्षं इथेंच राहिलं. परवायिल्ले." परवायिल्ले म्हणजे असू दे, चालायचंच. हा शब्द ते बिघडलेल्या भट्टीलाही म्हणत आणि चिडलेल्या डॉक्टरलाही.

इम्प्लांटचं काम त्यांच्या खास आवडीचं. हाडात आम्ही टायटॅनियमचा स्क्रू बसवतो, त्यावर अबटमेंट नावाचा खुंट येतो आणि खुंटावर दाताची कॅप. हल्ली कॅप मशीनच कोरतं. मामा मशीनमधून आलेला दात तळहातावर घेऊन नव्या सुनेकडं बघावं तसं बघत आणि मग त्याला माणसात आणत. शेजारच्या खऱ्या दातावर केसासारखी चीर असेल तर नव्यावरही तशीच ओढत. "नवा दात नवा दिसला, कीं फसला," हे त्यांचं म्हणणं.

दुसरा हट्ट चिठ्ठीचा. सगळे डॉक्टर मोबाइलवर निरोप धाडायचे, मामांना मात्र हातानं लिहिलेली चिठ्ठी लागायची. "फोनवरलं वाऱ्यावर जातं. कागद द्या." काम झालं की ती चिठ्ठी त्यांच्या टेबलाच्या वर टांगलेल्या लोखंडी तारेत ओवली जायची, रेशन दुकानात पूर्वी पावत्या ओवत तशी. मी त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली. म्हटलं, "मामा, कोर्टात जायचंय का?"

एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा वरचा पुढचा दात करायचा होता. मुलाच्या लग्नाचं रिसेप्शन रविवारी. हसताना हिरडीपाशी धातूची करडी रेघ दिसेल, या धास्तीनं बाई अर्ध्या झाल्या होत्या. मी चिठ्ठीत लिहिलं, 'कॅपची कड हिरडीच्या आत आणखी दोन मिलिमीटर न्या. सिमेंटनं बसवणार.'

मामांचा तासाभरात फोन. "डाक्टरअम्मा, एवढ्या खोल सिमेंट उरलं तर तुमचा हात पोंचणार नाहीं. मागून स्क्रूनं आवळूं. वेगळा स्क्रू मागवतों, चार दिवस द्या."

"चार दिवस नाहीत, मामा. लिहिलंय तसं करा."

"उद्यां कॅप काढायला लागली तर वाट ठेवायला पाहिजे, अम्मा."

"लिहिलंय तसं करा," मी पुन्हा म्हटलं. त्यांनी तसं केलं. रिसेप्शनला बाई मनमोकळं हसल्या, मला पेढे आले.

सात महिन्यांनी बाई परत आल्या. हिरडी सुजलेली, दाबलं की पू. एक्स-रेत खुंटाच्या कडेला राहिलेला सिमेंटचा कण दिसत होता आणि त्याच्याभोवतीचं हाड झिजलेलं. दवाखान्याचे मालक, आमचे मोठे डॉक्टर, खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी पेशंटसमोरच विचारलं, "इतकी खोल कड कुणी नेली?"

भांडणात शब्दाला शब्द द्यायला मी कधी कमी पडले नाही. त्या दिवशी मी एकच शब्द बोलले. "लॅबनं."

सरांनी तिथूनच लॅबच्या मालकांना फोन लावला आणि आमचं काम त्यांना देणं बंद केलं. माझ्या अक्षरातली चिठ्ठी मामांच्या डोक्यावर, हाताच्या अंतरावर लटकत होती. तिचा फोटो आता येईल, मग येईल म्हणून मी दिवसभर फोनकडं बघत बसले. आला नाही. संध्याकाळी मला हायसं वाटलं. चूक एक वेळ पोटात घालता येईल, पण त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

आठ दिवसांनी बाईंचा नवा दात मात्र कुणी न मागवता आला, जुन्याच साच्यावर केलेला, मामांच्या हातचा, मागून स्क्रूनं आवळायचा. केसासारख्या चिरेसकट. हाड जेमतेम तगलं होतं. बाईंनी माझे आभार मानले आणि मी तेही घेतले. महिन्याभरात मामांना लॅबनं घरी बसवलं. मशीन होतंच.

धीर गोळा करून मी अंबत्तूरला गेले, तेव्हा मामा बहिणीकडं तंजावरला निघून गेले होते. तार तशीच टांगलेली होती. मी एकेक चिठ्ठी उलटली. त्या तारखेच्या जागी तारेत फक्त कागदाचा कपटा अडकला होता. बाकीची चिठ्ठी ओढून काढलेली.

जिन्यातूनच मी त्यांना फोन केला. "मामा, चिठ्ठी का नाही दाखवलीत?"

"कुठली चिठ्ठी?" मामांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "अम्मा, माझ्याकडं नुसतं प्लास्टर येतं. माणूस तुमच्या खुर्चींत बसतं. तुमच्यावरला भरंवसा गेला तर त्या बाई कुणाकडं जातील? आतां स्क्रूच लावतां ना?"

"हो, मामा."

"मग परवायिल्ले."

उद्याच सरांना सांगायचं, असं ठरवून मी फोन ठेवला. तो उद्या दोन वर्षं लांबला.

गेल्या महिन्यात तंजावरहून मामा गेल्याची बातमी आली. चहाच्या वेळी सर हळहळले. "फार चांगला कारागीर," म्हणाले, "ती एक चूक सोडली तर."

मी कप खाली ठेवला, लॅबच्या चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं आणि हातानं लिहिलं, 'कड दोन मिलिमीटर खोल न्यायला मी सांगितलं होतं. रावमामांनी नको म्हटलं होतं.' खाली सही करून कागद सरांपुढं सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नीट घडी घालून त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात परत दिली आणि विचारलं, "आता ही कुणाला द्यायची?"