चिसेकाकूंची लाकडी पाती

जपानातल्या कानाझावा शहरात, आमच्या गल्लीत चिसेकाकू तलवारींच्या मुठी गुंफायच्या. लाकडी मुठीवर पाकट माशाची खरखरीत कातडी आणि तिच्यावर रेशमी फीत अशी ताणून बसवायच्या, की वर्षानुवर्षं हलायची नाही. त्यांचे यजमान क्यूहेई तलवारींचा साज कोरायचे. ते लढाईआधीच गेले. काकूंनी काम सोडलं नाही.

आपण लढाई हरलो, अमेरिकी शिपाई आले आणि घरोघरच्या तलवारी चौकीत जमा करा असा हुकूम निघाला. शेजारचे असानुमा आजोबा हबकलेच. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्याची एक आखूड तलवार होती. मुठीच्या रेशमाखालून लाटांवर उड्या मारणारे दोन सोन्याचे ससे डोकवायचे. ते क्यूहेईंच्या हातचे. आजोबांचा मुलगा लहानपणी त्यांच्यावर बोट फिरवत बसायचा. तो ब्रह्मदेशातून परतला नव्हता. तलवार अंगणात पुरायची ठरवून आजोबा काकूंकडे कुदळ मागायला आले.

"पुरलीत तर पातं गंजेल, रेशीम कुजेल. हाती काय राहील?" काकू म्हणाल्या. "आणा इकडे."

मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढताच पातं सुटलं. त्याला तेल लावून काकूंनी ते पांढऱ्या कापडात गुंडाळलं. मग तेवढ्याच मापाचं लाकडी पातं तासून मूठ, मुठीपुढची चकती आणि म्यान त्यावर पुन्हा जुळवलं. पोलादी पातं घेऊन दोघं चौकीत गेली.

हवालदारानं कापड उलगडलं. "मूठ कुठाय? म्यान?"

आजोबांनी काकूंकडे पाहिलं.

"घरी, लाकडी पात्यावर चढवून ठेवलंय," काकूंनी सरळ सांगून टाकलं. "हुकूम तलवारीचा आहे ना, साहेब? रेशीम, लाकूड आणि दोन ससे. त्यांनी कोण मरणार आहे?"

हवालदारानं पातं आत नेऊन ठेवलं. बाहेर आल्यावर हळूच विचारलं, माझ्या वडिलांच्या तलवारीचंही असं करून द्याल का?

त्या हिवाळ्यात काकू लाकडी पातीच तासत होत्या. लोक बदल्यात मुळे, रताळी देऊन जात. पुढे देखण्या तलवारी बाळगायला परवानगी मिळाली, पण आमच्या गल्लीतलं एकही पोलादी पातं परत आलं नाही. साज मात्र घरोघरी शाबूत होता.

असानुमांच्या नातीनं मोठेपणी एका लोहाराला त्या म्यानात बसेल असं पातं घडवायला सांगितलं. तो कुरकुरला, "चप्पल बघून पाय घडवायला सांगताय." पण घडवलं त्यानं, आणि बसलंही चपखल.

मुठीची फीत तोवर विरली होती. काकू ऐंशीच्या घरात; नजर जवळजवळ गेलेली. तरी त्यांनी मूठ मागून घेतली आणि प्रत्येक घडी बोटांनी चाचपत पुन्हा गुंफायला घेतली. मी चहा घेऊन गेले, तर मान वर न करता म्हणाल्या, "ठेव तिकडे. आत्ता हात सैल पडला तर सगळं पहिल्यापासून."

चहा गार झाला. मी दुसरा करून आणला.