तपासणीच्या टेबलावर सर्वांत आधी वाव्हळे सर

शिरूर कासारच्या आमच्या शाळेत मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा माझे नुकतेच लग्न झाले होते. सासरची मंडळी सोडली तर गावात ओळखीचे कोणी नव्हते. पहिल्याच आठवड्यात क्रीडाशिक्षक श्री. धोंडीराम वाव्हळे सर माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, एक काम हाय तुमच्याकडं. शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसता का? खेळायचं न्हाई, काई न्हाई. नुसतं बसायचं."

मला काही उमगेना. मग त्यांनी उलगडून सांगितले. त्यांना मुलींचा खो-खोचा संघ उभा करायचा होता, पण आया मुलींना थांबू देत नव्हत्या. "बाई बसलेल्या हायेत म्हणलं की पाठवतेत," असा त्यांचा हिशेब. मी बसले. कधी वह्या तपासत, कधी स्वेटर विणत बसले आणि त्याच मुलींनी पुढे बीडला जाऊन जिल्ह्याची ढाल जिंकून आणली. मिरवणुकीत सरांना खांद्यावर घ्यायला निघालेल्या पालकांना सर म्हणाले, "मला कावून उचलता? पोरींना उचला की!"

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या खेळाडूंनी ढालींविषयी भरभरून लिहिले असणार. मला सांगायची आहे ती मैदानाबाहेरची गोष्ट. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तिच्यामुळे माझे घर शाबूत आहे.

सर निवृत्त झाले, पण मैदान काही सुटले नाही. मुलींच्या निमित्ताने त्यांच्या आयांशी बोलणे व्हायचे. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांतले नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जातात. मोळ्या वाहून परतलेल्या बायकांच्या तोंडी पाठदुखी, पोटदुखी, अंगावरून जाणे हे नेहमीचेच. सरांनी बीडच्या एका डॉक्टरबाईंना गाठले. त्यांनी या बायकांची सोनोग्राफी करून देण्याचे आनंदाने कबूल केले. सरांनी जीप ठरवली आणि सोबतीला बाईमाणूस हवे म्हणून मलाही घेतले.

दवाखान्यात पोहोचलो आणि सगळे अडले. एकही बाई आत जाईना. गयाबाई नावाच्या थोराड बाई व्हरांड्यातच बसकण मारून म्हणाल्या, "सर, आमी येत न्हाई आत. पोटाचा फोटू काढला की पिशवी काढायला सांगतेत. माझ्या जावंची काढली, बहिणीची काढली."

त्यांची भीती खोटी नव्हती; आमच्या भागात गरज नसतानाही अनेकींची गर्भपिशवी काढली गेली होती. सरांनी ती हसण्यावारी नेली नाही आणि उपदेशही केला नाही. त्यांनी चपला काढल्या. "मला तर पिशवी न्हाई ना, गयाबाई? मग मी जातो आदी. तुमी दारात उभ्या ऱ्हावा अन् बघा काय करतेत ते."

सर टेबलावर झोपले. सदरा वर केला. डॉक्टरबाईंनी पोटावर जेल लावले आणि दारातल्या बायकांना पडद्यावर एकेक दाखवू लागल्या. हे यकृत, हे पित्ताशय, हे उजवे मूत्रपिंड. बायका माना लांब करून बघत होत्या. मग त्यांनी यंत्र डाव्या कुशीवर नेले, आणि त्यांचे बोलणे थांबले. त्यांनी सरांना कुशीवर वळायला सांगितले. पुन्हा यंत्र फिरवले. श्वास रोखून धरायला लावला. 

सर उठून बसले, पोट पुसले. डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

सरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांना कळायचे ते कळले असावे. पण ते तितक्याच हळू म्हणाले, "बाई, आदी ह्यांचं उरकू द्या. आता मी तोंड पाडून भायेर गेलो तर एकबी आत यायची न्हाई." आणि दारात जाऊन मोठ्याने हसले, "काय दुखलं न्हाई बगा. जरा गार लागतं, एवढंच!"

गयाबाई आत गेल्या. त्यांच्यामागून सगळ्या गेल्या. कुणाला पित्ताशयात खडे निघाले, कुणाला काहीच नाही. एकीलाही पिशवी काढायला कोणी सांगितले नाही. तोवर सर बाहेर बाकावर बसून, सोबत आलेल्या लेकरांना शेंगा सोलून देत होते. शेवटची बाई बाहेर आल्यावर ते आत गेले. मीही गेले.

डाव्या मूत्रपिंडात लिंबाएवढी गाठ होती. सीटी स्कॅन करावे लागेल, कर्करोगाची शक्यता मोठी आहे, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. सर म्हणाले, "पण मला तर काईच होत न्हाई. आज सकाळी पोरींसंग मैदानावर पळून आलोय."

"बऱ्याच जणांना काहीच होत नाही," त्या म्हणाल्या. "हा आजार पुष्कळदा असाच सापडतो. बघायला गेलो एक आणि दिसलं दुसरं. काहींना लघवीतून रक्त जातं, तेही न दुखता. एकदा जातं आणि थांबतं. मग माणूस विसरून जातो. कुणाला कुशीत दुखतं, कुणाचं वजन उतरतं. तोवर कधी कधी उशीर झालेला असतो. तुमची गाठ लवकर दिसलीय सर."

घरी हे सांगायला मीही सोबत गेले. सरांच्या पत्नी शांतावहिनींनी ऐकले, पदराचे टोक मुठीत धरले आणि म्हणाल्या, "तुमी गेलतात बायांची तपासणी करायला, अन् घेऊन काय आलात?"

"घेऊन आलो न्हाई गं. ते हितंच हुतं. आज सापडलं, एवढंच."

पुढे छत्रपती संभाजीनगरला शस्त्रक्रिया झाली. डावे मूत्रपिंड काढले. गाठ कर्करोगाचीच निघाली, पण मूत्रपिंडाबाहेर गेलेली नव्हती. सर घरी परतले तेव्हा खो-खोच्या आजी-माजी मुली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या, खेळात बसतात तशा, एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे. सर मधून चालत गेले. एवढा कणखर माणूस, पण त्या दिवशी डोळे पुसायला त्यांना रुमाल पुरला नाही.

शाळेने त्यांचा सत्कार ठेवला. लोकांना वाटले, सर आभार मानतील, दोन आठवणी सांगतील. सर माइकपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "लघवीतून रक्त गेलं, तर दवाखान्यात जा." मंडपात खसखस पिकली. काही बायकांनी तोंडाला पदर लावला. सर थांबले, हसू ओसरू दिले, आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाले. "दुखलं न्हाई तरी जा. एकदाच गेलं तरी जा. दर वेळी कॅन्सरच असतो असं न्हाई. खडा असंल, दुसरं काही असंल. पण ते मशीन सांगंल, आपण आपल्या मनानं ठरवायचं न्हाई. मला तर रक्तबी गेलं न्हाई. मी बायांची भीती घालवायला झोपलो, म्हणून आज हितं उभा हाय. तुमी कशाची वाट बघताय?"

माझे पती मन्मथअप्पा तिसऱ्या रांगेत बसले होते. आमचे भुसार मालाचे दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारा माणूस त्या संध्याकाळी दुकान न उघडता थेट घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तसाच ठेवून मला म्हणाले, "मलाबी झालतं."

"काय झालं होतं?"

"तेच. दिवाळीच्या टायमाला. लाल. दुखलं काईच न्हाई. मला वाटलं, उष्णता. धन्याचं पाणी पिलो, थांबलं. तुला काय सांगायचं असलं!"

 मी सरांना फोन लावला. स्वतःच्या टाक्यांची जखम अजून ओली असताना सर आले, ओट्यावर अप्पांशेजारी बसले. अप्पा म्हणाले, "सर, आता तर समदं बरं हाय. कावून जायचं?"

"बरं हाय म्हणूनच चला, अप्पा. बरं असताना गेलं तर डॉक्टरांच्या हातात काईतरी ऱ्हातं."

अप्पांनी दुकानाचे शटर ओढले आणि ते सरांच्या मागोमाग निघाले. त्याच डॉक्टरबाई, तेच टेबल. उजव्या मूत्रपिंडात गाठ निघाली. सरांच्या गाठीहून लहान. त्यामुळे शस्त्रक्रियेत गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग एवढाच काढावा लागला, मूत्रपिंड राहिले. शस्त्रक्रिया चालली होती तेवढा वेळ सर माझ्याशेजारी बाकावर बसून होते. धीराचे मोठे शब्द त्यांनी एकदाही वापरले नाहीत. मला जबरदस्तीने पोहे खायला लावले, आणि सर्जन बाहेर येऊन "निघाली सगळी" म्हणाले तेव्हा माझ्याआधी सरच उठून उभे राहिले.

आज अप्पा दुकानात बसतात, गिऱ्हाइकांशी वाद घालतात, आणि मालाची पुडी बांधता बांधता सरांचे ते वाक्य लोकांना ऐकवतात. आता कोणी हसत नाही. बायकांची जीप अजूनही बीडला जाते, आणि तिच्यात पुढच्या सीटवर गयाबाई असतात. नवीन आलेल्या बायकांना त्या दटावतात, "कशाला भेता? सर झोपले, मी झोपले, काय झालं आमाला?"

ज्या आजाराचे नाव घेतानाही लोक आवाज खाली करत, त्याविषयी सरांनी भर मंडपात माइकवरून बोलायला शिकवले. मला वाटते, त्यांनी जिंकलेल्या सर्व सामन्यांत हा सर्वांत मोठा.

सर, आपली शेवटची तपासणी स्वच्छ आली. डॉक्टरांनी आता वर्षातून एकदाच बोलावले आहे. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर आपणांस आणि शांतावहिनींना आम्हा सर्वांचे मनःपूर्वक अभीष्टचिंतन. आपल्याला निरोगी शंभरी लाभो, अंगातला दम असाच राहो. आणि दरवर्षी तपासणीला निघाल की आमच्या दुकानावरून या. अप्पांचीही तारीख त्याच दिवशीची मागून घेतली आहे. तुमच्याशिवाय जायला ते तयार नाहीत.