कोळेकर सरांच्या दोन बॅटऱ्या

थंडीच्या दिवसांत कोळेकर सर शाळेत आले की आधी शर्टाची वरची दोन बटणं सोडायचे, आतल्या बंडीच्या खिशात हात घालायचे आणि काडेपेटीएवढी एक काळी बॅटरी काढून गालाला लावून बघायचे. ऊब पटली की ती परत आत जायची. मग मस्टरवर सही. इंदापूरजवळच्या त्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी हा प्रकार पाहिला आणि माणूस आजारी असावा अशी समजूत करून घेतली. शेजारी बसलेल्या मराठीच्या बाईंना हळूच विचारलं, "सरांना काही त्रास आहे का?" वह्या तपासता तपासता त्या म्हणाल्या, "सरांना नाही, बॅटरीला आहे. तिला थंडी बाधते."

सर चित्रकलेचे शिक्षक. उंच, किंचित वाकलेले, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली. मूळ गाव मोरगावच्या अलीकडं. वडिलांच्या काळापर्यंत घरी मेंढरं होती, पुढं थोडी बाजरी-ज्वारी आणि मुलांच्या नोकऱ्या. त्यांच्याकडं एक डिजिटल कॅमेरा होता, पण लग्नात दिसतात तसा नाही. पुण्यात राहणाऱ्या एका वर्गमित्रानं परदेशातल्या आपल्या लेकीकडं कायमचं जाताना तो यांच्या हवाली केला होता. या कॅमेऱ्याला डोळा लावायला कोपऱ्यात साध्या काचेची खिडकी. तिला वीज लागत नाही. कॅमेरा चालू असो की बंद, ती सारखंच दाखवते. खिडकीत माणूस दोन-दोन दिसतो. भिंग फिरवत जायचं आणि दोघं एकावर एक बसले की बटण दाबायचं. सर म्हणायचे, "दोन माणसं एक होत्यात तवर दम धरायचा. तेवढंच शिक्षाण हाय ह्याचं."

अडचण एकच होती. कंपनीनं त्या बॅटऱ्या बनवायच्या कधीच बंद केल्या होत्या. सरांकडं दोन उरल्या होत्या. एक मूळची, तिचं नाव थोरली. दुसरी मित्रानं नंतर घेतलेली, ती धाकली. थोरलीला लाल दोरा, धाकलीला काही नाही. या दोन बॅटऱ्यांचं सरांनी जे केलं, ते काही लोक म्हाताऱ्या आईबापांचंही करत नाहीत. पिशवीत बटण आपोआप दबतं म्हणून प्रवासात बॅटरी कॅमेऱ्याबाहेर. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत दोघी निम्म्या भरून कपाटात, कारण पूर्ण भरून ठेवली तर फुगते आणि रिकामी ठेवली तर मरते. तोंडं दर पंधरवड्याला सुती फडक्यानं पुसायची. आणि सगळी कधीच वापरायची नाही.

"शेळीचं समदं दूध काढत न्हाईत, मिसाळ सर," ते मला समजावून सांगायचे. "थोडं करडाला ठिवायचं. मग ती उद्या बी देती."

मी विज्ञानाचा मास्तर. मी त्यांना करडाची गोष्ट बाजूला ठेवायला लावून रसायनं समजावायला गेलो. प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणला, एक बॅटरी रात्रभर खिडकीत ठेवायला लावली, एक त्यांच्या बंडीत, आणि सकाळी दोन्ही मोजल्या. त्यांचं सगळं बरोबर निघालं. पुस्तकातही तेच होतं, फक्त शेळी नव्हती. सरांनी माझा पराभव फार मोठेपणानं घेतला. दुसऱ्या दिवशी डब्यातून माझ्यासाठी ठेचा आणला.

पण त्यांची खरी ख्याती वेगळ्याच कारणानं होती. कॅमेऱ्याच्या पाठीमागं काढलेला फोटो बघायचा जो पडदा असतो, त्यावर त्यांनी वायरमनची काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. कुणालाही, कधीही, फोटो लगेच दाखवायचा नाही. प्रजासत्ताक दिनाला सर तीन फोटो काढायचे, चौथा नाही. मुली कवायत सोडून धावत यायच्या, "सर, दावा की." मुख्याध्यापकही मागून मान लांब करायचे. सरांचं सगळ्यांना एकच उत्तर, "बघण्यात बॅटरी जाती. काढण्यात काय जात न्हाय. छापून आल्यावर बघा." मुख्याध्यापकांच्या पुतण्याचं काटेवाडीला लग्न झालं, तिथं भाड्याचा ड्रोन डोक्यावर घोंघावत असताना यांनी दिवसभरात एकोणीस फोटो काढले. मुख्याध्यापक आठवडाभर नाराज होते. मग फोटो छापून आले, आणि नवरीच्या आजोबांचा एक फोटो त्या घरानं मोठा करून मागून घेतला. नाराजी तशीच राहिली, पण तिचा आवाज बंद झाला.

मला त्यांच्या या पट्टीचं महत्त्व कळलं ते आईमुळं.

माझी आई निरवांगीला राहायची. मी सांगतोय त्या हिवाळ्याच्या पाच वर्षं आधी तिच्या तोंडावरून वारं गेलं. बाकी अंग सावरलं, पण ओठाचा डावा कोपरा खाली ओढला गेला तो गेलाच. त्या दिवसापासून तिनं फोटो काढू दिला नाही. कुणी मोबाईलवर चोरून काढलाच तर हात पुढं करायची, "दाव." बघायची, आणि म्हणायची, "पूस ते." समोर पुसल्याशिवाय मोबाईल परत मिळत नसे. माझ्या लग्नाच्या फोटोंत ती नाही. माझ्या मुलीच्या बारशाच्या फोटोंत एक पदर आहे, तो तिचा. त्या हिवाळ्यात, म्हणजे सरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, बारामतीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय दमलंय, वर्ष काढतील असं वाटत नाही. बाहेर येऊन मी रिक्षा थांबवली, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आपल्याकडं आईचा फोटो नाही. आधार कार्डावरचा तेवढा होता, पण त्यात ती आई नसून कुणी पकडून आणलेली बाई दिसायची. पहिला विचार फोटोचा आला याची मला लाज वाटली, आणि तरी मी सोमवारी सरांना गाठलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "ऐतवारी ऊन कुठल्या अंगाला येतं तुमच्या घरी?"

रविवारी ते मोटारसायकलवरून आले. दोन्ही बॅटऱ्या बंडीत. दारातच चप्पल काढत म्हणाले, "जय भीम, आक्का." आई अंगणात सोलाणे सोलत बसली होती. तिनं कॅमेरा बघितला आणि पदर तोंडावर घेतला.

"गुरुजी, त्ये न्हाय हां."

"न्हाय तर न्हाय. बसू तर द्याल?" असं म्हणून सर जमिनीवर बसले आणि हरभऱ्याची एक डहाळी ओढून सोलायला लागले. थोरली आत घातलेला कॅमेरा तासभर मांडीवर पडून होता. त्यांनी पावसापाण्याचं विचारलं, बांधावरच्या बाभळीचं विचारलं, मेंढरांच्या गोष्टी काढल्या. मग सांगायला लागले, "मी पाचवीत असताना परीक्षेला पाठवायचं चित्र काढलं. वाळायला म्हणून दावणीवर ठिवलं. आमच्या मेंढ्यानं समदं खाल्लं. बाप म्हणला, कुणाला तरी आवडलं की."

आई हसली. पदर खांद्यावर पडला होता, हात हरभऱ्यात होते, तोंड लपवायचं तिला सुचलंच नाही. पाच वर्षांत मी तिला तसं उघड्यावर हसताना पाहिलं नव्हतं. सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला, शांतपणे भिंग फिरवलं, बटण दाबलं. आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांनी कॅमेरा खाली घेऊन बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बॅटरी राखायची म्हणून त्यांनी कॅमेरा बंद ठेवला होता. खिडकीत आई दिसत होती, दोनाची एक झाली होती, सगळं जुळलं होतं, आणि कॅमेरा बंद होता.

मला त्या वेळी त्यांचा मनस्वी राग आला. शेळी, करडू, दोरा, बंडी, सगळ्याचा राग आला. ते मात्र सरळ आईला बोलले.

"आक्का, चूक झाली. यंत्र बंद होतं. बॅटरी वाचवायच्या नादात तुमचं हासू गेलं."

"गेलं तर गेलं," आई म्हणाली. "त्यात काय ठिवायजोगं हुतं?"

सरांनी कॅमेरा चालू केला आणि तो आपोआप झोपी जाऊ नये अशी त्यातली सोय बदलली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जाऊ द्या आज दोघींस्नी." दुपारी तीनपर्यंत कॅमेरा त्यांच्या गळ्यात चालू होता. आई आधी आखडून बसली, मग विसरली. थोरली जेवणाच्या सुमारास संपली. त्यांनी धाकली घातली. आई दाणे पाखडत होती, शेजारणीशी बोलत होती, टरफलांवर आलेल्या शेळीला हाकलत होती, आणि सर काढत होते. इतके फोटो त्यांनी आमच्या शाळेच्या एका वर्षात काढले नसतील.

ते निघायला उठले तेव्हा आईनं हात पुढं केला. "दावा."

मला वाटलं, आता संपलं. सर नेहमीचं वाक्य म्हणतील अशी मी मनोमन प्रार्थना करत होतो. बघण्यात बॅटरी जाती, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं नको म्हटलं. ते म्हणाले, "फोटू त्यांचा हाय, सर," आणि नखानं काळी पट्टी सोलून काढली.

आईनं चष्मा मागवला. सर एकेक फोटो पुढं सरकवत राहिले, ती बघत राहिली. शेळीला हाकलतानाचा एक आला. मान वळलेली, कपाळाला आठी, ओढला गेलेला ओठ नेमका कॅमेऱ्याच्या बाजूला, आणि डोळ्यांत सगळा जोर. आईनं सरांचा हात धरला. "थांबा." तिनं कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला. मी तिच्या 'पूस ते'ची वाट बघत होतो.

"ही आमची आय हाय," ती म्हणाली. "आय अशीच बघायची."

आजीला मी पाहिलेलं नाही. तिचा फोटो कुठंच नाही, त्या काळात आमच्यात कुणाचाच नसे. आई त्या पडद्याकडं बघत बसली. सरांनी कॅमेरा मागितला नाही. बऱ्याच वेळानं पडदा काळा झाला.

"गेली व्हय?" आईनं विचारलं.

"गेली."

"बरं. ऱ्हाऊ द्या ह्यो."

आई वैशाखात गेली. डॉक्टर म्हणाले होते त्यापेक्षा आधीच. सर जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते, शाळेत त्यांच्या निरोपाची तयारी चालू होती. जलदान विधीच्या आदल्या दिवशी ते शेळीला हाकलतानाचा तो फोटो मोठा छापून, काचेच्या चौकटीत बसवून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. घरात माणसं होती. बारामतीला दिलेली माझी थोरली बहीण पुढं आली, तिनं कागद सोडला आणि बघून तिचे डोळे भरले. मग हळू आवाजात मला म्हणाली, "फोटो झकास आहे रे. पण ओठ तेवढा सरळ करून घेऊ. आमच्याकडं स्टुडिओत कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत करून देतात. आयुष्यभर लपवलं तिनं, आता भिंतीवर सगळ्यांनी तेच बघायचं का?"

मला तिचं म्हणणं पटलं होतं, हे खरं सांगितलं पाहिजे. मी सरांकडं वळून तसं विचारायच्या बेतात होतो. त्यांनी ऐकलं होतं.

"करून मिळंल की, ताई," ते म्हणाले. "मला बी येतंय त्ये. पर आक्कांनी ह्यो फोटू बघितलाय. चष्मा लावून बघितलाय. पूस म्हणल्या न्हाईत."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "हो, मी तिथंच होतो." तिनं पदरानं काच पुसली आणि खिळा कुठं ठोकायचा ते मला विचारलं.