अंतराळवीराच्या नावची मूठ

आपल्या पोटी असला मिरवखोर पोरगा कसा निपजला, हे कोडं जमनाबाईंना सत्तरी गाठली तरी उलगडलं नव्हतं. त्यात परदेशात जन्मलेली कुणी पाटील आडनावाची बाई अंतराळात गेली आणि भूपेंद्रला ऊतच आला. तिचा आजोबा म्हणे मूळ आपल्या गावचा, कळसाडीचा. पुरावा काय, तर आडनाव! खानदेशात दर तिसऱ्या ओट्यावर एक पाटील बसलेला असतो, पण ह्याला सांगणार कोण? चौकात बॅनर लागला, ‘आमची भाऊबंद अंतराळात!’ तिचा फोटो टिकलीएवढा आणि भूपेंद्रचा गॉगलसकट हातभर. जमनाबाई त्या बॅनरकडे पाठ करूनच देवळात जायच्या.

खरा राग बॅनरचा नव्हताच. भूपेंद्रच्या लेकीला, चारुलताला, पुण्याच्या कॉलेजात फिजिक्सला प्रवेश मिळाला होता आणि तो पक्का करायला उद्याचाच दिवस उरला होता. बापानं मात्र नन्नाचा पाढा लावलेला. “पोरीस्नी जात. पुनाले एकली कशी ऱ्हाई?” स्वतः बारावीत गटांगळ्या खाल्लेला हा गृहस्थ पोरीला अक्कल शिकवत होता. चारु कालपासून जेवली नव्हती.

त्याच दिवशी कानबाईचा सण आला. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. पाळण्यातल्या पोराचीही मूठ निघते, बाईची मात्र नाही. जमनाबाई जन्मभर अशाच मुठी काढत आल्या होत्या.

यंदा भूपेंद्रनं चॅनेलवाल्याला बोलावलं. सगळी भाऊबंदकी ओसरीवर जमली. पुरुषांची नावं संपली तसा भूपेंद्र माइकसमोर खाकरला.

“माय, आते एक मूठ आमनी अंतराळवीरना नावनी ले.”

“बाईना नावनी मूठ?”

“दुनिया बदली गयी, माय. आमना घरमा पोरगा-पोरगी एकच शे.”

हे तो आईला नव्हे, कॅमेऱ्याला सांगत होता. निर्लज्ज मेला!

जमनाबाईंनी मूठ भरली. “मंग पहिले घरनी पोर. ही मन्ही चारुनी.” गहू सुपात पडले. “सांग रे भूपेंद्र, ती आभायमा ऱ्हास, मंग मन्ही चारु पुनामा नई ऱ्हाई का?”

भूपेंद्रचा चेहरा खर्रकन उतरला. चॅनेलवाल्यानं माइक आणखी पुढे केला.

“ऱ्हाई ना! उद्याच जाई ऱ्हायनी ती,” भूपेंद्र हसत म्हणाला, जणू त्याच्याच डोक्यातून निघालेलं. टाळ्या पडल्या. त्याही आपल्यालाच समजून त्यानं हात जोडले.

“आजी, आणि अंतराळवीरांची मूठ?” चॅनेलवाल्यानं आठवण करून दिली.

“तिना घर तिनी आजी काढी,” म्हणत जमनाबाईंनी सूप उचललं आणि आत हाक मारली, “चारु, ऊठ. जेवी ले, मंग बॅग भर.”