पासपोर्टाला कुंकू

पाण्यात कालवलेल्या कुंकवाचा वास आला की मला पाटणमधलं एक घर आठवतं. आमचे गणिताचे सर न्यूझीलंडला शिकवायला गेले होते. व्हिसा तात्पुरता, त्यामुळे तो पुढे वाढेल की घरी परतावं लागेल, हा घोर कायमचा. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात ते सुट्टीवर पाटणच्या घरी आले, तेव्हा पासपोर्टात तिथं कायम राहण्याचा परवाना होता. आम्ही जुने विद्यार्थी हात धुऊन, श्वास रोखून ते पान बघत होतो. "म्हंजे आता तू तिकडचाच व्हय रं?" त्यांच्या आईनं विचारलं. "तसं न्हाई आई. आता मला कुणी परत जा म्हणणार न्हाई, एवढंच." मग ती नव्या वस्तूला लावतात तसं पासपोर्टाला लावायला बोट कुंकवात बुडवून आली. "आवं काकू, परवाना खराब हुईल!" आम्ही ओरडलो. सरांनी पासपोर्ट झटकन मिटला आणि कपाळ पुढं केलं. "हितं लाव." "नव्याला लावत्यात कुक्कू. तू माजा जुनाच हायस," असं म्हणत तिनं बोट त्यांच्या कपाळावर टेकवलंच. घरातला पहिला पदवीधर होऊन आज मीही शिकवतो. पण माणूस इतक्या लांब जाऊनही इतका जवळ राहतो, याचं नवल मला अजून वाटतं.